क्लच अलगद धरतो तो कशामुळे?
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या खेपेला आलेल्या पत्रांत क्लचवरची पत्रे सर्वांत जास्त होती. क्लच सोडताना गाडी थरथरते, झटका मारते, पेडल जड झाले, घाटात जळका वास येतो अशा तक्रारी, आणि दोन-तीन विद्यार्थ्यांचे हिशेबाचे प्रश्न. सारख्या मजकुराची पत्रे एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मी मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी छोट्या कारचा क्लच डिझाइन केला. टॉर्कचे सूत्र वापरून प्लेटचा व्यास आणि स्प्रिंगचा जोर काढला. आता सर विचारतात, ‘हा क्लच स्मूथ धरेल कशावरून?’ हे कुठल्या सूत्रातून काढायचे? (सांगली)

सरांचा प्रश्न योग्य आहे. टॉर्कचे (फिरवणाऱ्या जोराचे) सूत्र क्लच घसरणार नाही एवढेच सांगते, कसा धरेल ते सांगत नाही. तरी सुरुवात तिथूनच करू. समजा इंजिनचा जास्तीत जास्त टॉर्क ११३ न्यूटन-मीटर आहे. लायनिंगचा (क्लच प्लेटवरच्या घर्षणाच्या थराचा) बाहेरचा व्यास १९० मिमी, आतला १३४ मिमी, म्हणजे सरासरी त्रिज्या ८१ मिमी. घर्षणांक ०.३ आणि प्रेशर प्लेटचा, म्हणजे क्लच प्लेटला इंजिनबरोबर फिरणाऱ्या फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या चकतीचा, जोर ३,५०० न्यूटन. प्लेटच्या दोन्ही बाजू धरतात, म्हणून २ × ०.३ × ३,५०० × ०.०८१ = १७० न्यूटन-मीटर. इंजिनच्या दीडपट. ही दीडपट चैन नाही. तापल्यावर लायनिंगचा घर्षणांक ०.२२ वर आला तरी १२५ न्यूटन-मीटर शिल्लक राहतात, क्लच इंजिनाला पुरतो. ‘आणखी सुरक्षित’ म्हणून अडीचपट धरणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. त्यांच्या क्लचचे पेडल जड होते आणि गाडी झटका मारते.

आता खरी गोष्ट. क्लच प्लेट हातात घेऊन तिच्या कडेकडे आडवे पाहा. दोन लायनिंगच्या मधे स्प्रिंग स्टीलच्या पातळ, लाटेसारख्या वाकवलेल्या पट्ट्या दिसतील. एका बाजूचे लायनिंग लाटेच्या माथ्यावर रिव्हेट केलेले असते, दुसऱ्या बाजूचे खळग्यावर. प्लेट दाबली की लाट सपाट होत जाते. या दबण्याला कुशन म्हणतात. छोट्या कारमध्ये ती साधारण ०.८ मिमी असते, आणि स्मूथपणाचा मोठा वाटा तिचाच.

का ते आकड्यांत पाहा. प्रेशर प्लेट दाबणारी ताटलीसारखी स्प्रिंग म्हणजे डायाफ्राम, तिच्या मधल्या पट्ट्या म्हणजे फिंगर, आणि पेडल दाबल्यावर त्यांना ढकलते ते रिलीज बेअरिंग. फिंगरची तरफ साधारण ४ पट आणि पेडलपासून बेअरिंगपर्यंतची १२ पट धरली, तर प्रेशर प्लेट १ मिमी हलायला पेडल ४८ मिमी हलावे लागते. कुशनच नसती तर प्लेट टेकल्यापासून पूर्ण दाब येईपर्यंत जेमतेम ०.१ मिमीचा खेळ उरला असता, म्हणजे पेडलवर ५ मिमी. एवढ्यात १७० न्यूटन-मीटर, दर मिलिमीटरला ३५! बूट घातलेल्या पायाला एक मिलिमीटर कळत नाही. ०.८ मिमी कुशनमुळे हाच खेळ ३८ मिमी होतो. त्यातही पट्ट्या आधी मऊ आणि मग कडक होत जातील अशा वाकवतात. निम्मी दबेपर्यंत पूर्ण जोराच्या एक पंचमांश एवढाच जोर येतो, म्हणजे पहिल्या १९ मिमीत ३४ न्यूटन-मीटर, मिलिमीटरला पावणेदोन. सपाट रस्त्यावर गाडी हलवायला हा टप्पा पुरतो, पाय इथेच खेळतो.

‘मग कुशन १.४ मिमी करू’ असे मनात येईल. करून पाहा, कागदावर. बेअरिंग ८ मिमी सरकले तर प्रेशर प्लेट २ मिमी उचलते. फोर्क (बेअरिंग ढकलणारा दांडा) आणि कव्हर वाकण्यात त्यातले ०.४ मिमी जातात. ०.८ मिमी कुशन फुगण्यात गेले की दोन्ही बाजूंना ०.४ मिमी मोकळी जागा उरते. कुशन १.४ केली तर उरते ०.१ मिमी. प्लेट किंचित लचकत फिरत असते, त्यामुळे ती घासत राहणार आणि रिव्हर्स टाकताना गिअर कर्रकन ओरडणार. पेडलचा प्रवास वाढवावा, तर ठेंगण्या ड्रायव्हरचा पाय पोचत नाही. म्हणून ०.६ ते १ मिमीच्या आसपासच सगळे अडकलेले असतात. रिपोर्टमध्ये पेडलचे मिलिमीटर आडव्या आणि टॉर्क उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढा, सरांच्या प्रश्नाचे उत्तर तोच. आणखी एक ओळ जरूर लिहा : पट्ट्या वापरात लायनिंगच्या पाठीत रुतत जातात आणि कुशन कमी होते. नवा असताना लोण्यासारखा वाटणारा क्लच दोन-तीन वर्षांनी थोडा खट्याळ होतो, त्याचे हे एक कारण.

जाता जाता : कातडी लावलेले जुने शंकूचे क्लच असेच एकदम पकडायचे. तेव्हाही कातड्याखाली छोट्या स्प्रिंगा बसवून त्याचे काही भाग आधी टेकतील अशी सोय करत. कल्पना जुनीच आहे.

प्रश्न : एक मेकॅनिक सांगतो क्लच हळू सोडा, दुसरा सांगतो हळू सोडल्यानेच जळतो. आमचे रोजचे येणे-जाणे घाटातून आहे. खरे कोणाचे? (सातारा)

रस्ता सपाट असेल तर दोघांचाही मुद्दा गैरलागू आहे, हे ऐकून नवल वाटेल. माणसांसह १,१०० किलोची कार, पहिला गिअर, इंजिन मिनिटाला १,५०० फेऱ्यांवर धरलेले. क्लच पूर्ण धरेपर्यंत सुमारे ४.९ किलोज्यूल उष्णता होते. एका सेकंदात सोडा नाही तर दोन सेकंदांत, आकडा जवळपास तोच. वेळ वाढला तर टॉर्क तेवढा कमी असतो, गुणाकार बदलत नाही. बदलतो तो इंजिनच्या फेऱ्यांनी, आणि वर्गाने. ३,००० फेऱ्यांवर रेस करून सोडलात तर चौपट, जवळजवळ २० किलोज्यूल. दुसऱ्या गिअरमध्ये उचललीत तर सुमारे साडेतीनपट. ‘दुसऱ्यात गाडी स्मूथ उठते’ म्हणणारे ती स्मूथता लायनिंगच्या खर्चाने घेतात.

चढावर मात्र दुसऱ्या मेकॅनिकचे खरे. १० मीटरला १ मीटर चढ घ्या, इमारतीच्या बेसमेंट पार्किंगचा साधारण एवढाच असतो. ही गाडी तिथे नुसती थोपवून धरायला क्लचवर सुमारे २३ न्यूटन-मीटर लागतात. पायाने ६० दिले तर ३७ उरतात, पावणेदोन सेकंदांत क्लच धरतो आणि ८ किलोज्यूल उष्णता होते. भीत भीत ३० च दिले तर उरतात ७. साडेआठ सेकंद घसरण चालते आणि २० किलोज्यूल जळतात. अर्धा टॉर्क दिल्याने उष्णता अडीचपट झाली.

सर्वांत वाईट सवय म्हणजे हाफ क्लचवर चढावर गाडी उभी ठेवणे. १,५०० फेऱ्यांवर साडेतीन किलोवॅट उष्णता, घरच्या गिझरपेक्षा जास्त. अर्धा मिनिट धरली की १०६ किलोज्यूल. निम्मे फ्लायव्हीलकडे जातात, निम्मे ३ किलोच्या प्रेशर प्लेटकडे, आणि तिचे तापमान ३५ अंशांनी चढते. हे सरासरी तापमान झाले, घासणारा पृष्ठभाग त्याहून कितीतरी तापतो. बेल हाउसिंगमध्ये (क्लचभोवतीच्या खोळीत) आधीच ८० अंश असतात. थंड व्हायला वेळ न देता असे पाच वेळा झाले की २५० च्या आसपास पोचलात. इथून पुढे लायनिंगमधले रेझिन सुटू लागते आणि तो ओळखीचा वास येतो.

चढावर हँडब्रेक ओढा. क्लच सोडत इंजिनचा आवाज किंचित दबेल आणि बॉनेट जरा उचलेल तिथपर्यंत आणा. मग अॅक्सिलरेटर थोडा वाढवत हँडब्रेक सोडा आणि उरलेला क्लच न रेंगाळता सोडून द्या. वास आलाच तर गाडी बाजूला घेऊन न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा आणि पाय क्लचवरून काढा, म्हणजे प्लेट फिरत राहते आणि बेल हाउसिंगमधली हवा हलते. दहा-पंधरा मिनिटे द्या.

प्रश्न : नवीन क्लच सेट टाकला. ५०० किलोमीटर झाले, पहिल्या गिअरला उचलताना गाडी थरथरते. गॅरेजवाला म्हणतो ‘बसेल हळूहळू’. किती वाट पाहावी? (पनवेल)

नवे लायनिंग बसायला ३०० ते ५०० किलोमीटरचे शहरी चालवणे पुरते. ते झाले आहे, आता वाट पाहू नका. पण गिअरबॉक्स उतरवण्याआधी थरथर नेमकी कशी आहे ते ओळखा, मजुरी वाचेल.

पावसाळ्यात सकाळी पहिल्या दोन-तीन वेळाच थरथरून नंतर बंद होत असेल, तर फ्लायव्हीलवर रात्रीतून धरलेला दमट गंज आहे. सोडून द्या. गाडी तापल्यावर वाढते का, आणि थरथरीचा वेग इंजिनच्या फेऱ्यांबरोबर बदलतो का, हे पाहा.

वेग बदलत नसेल, साधारण सेकंदाला दहाच्या आसपास कायम राहत असेल, तर दोष घर्षणाच्या स्वभावात आहे. घसरण कमी होत जाताना लायनिंगची पकड वाढत गेली की ड्राइव्हलाइन पकड-सोड-पकड करू लागते. फळ्यावर खडू करकरतो तेच इथे मोठ्या प्रमाणावर होते. कारण बहुधा तेल, ग्रीस किंवा एकदा जळून चकचकीत झालेले लायनिंग. हलका दर्जाही असू शकतो. चांगले लायनिंग घडवणारे मिश्रण बदलत बसतात ते घर्षणांक वाढवण्यासाठी कमी आणि तो घसरणीच्या वेगाबरोबर उलटा चढू नये यासाठी जास्त.

थरथर इंजिनच्या फेऱ्यांबरोबर वेगवान होत असेल तर काहीतरी वाकडे बसले आहे.

आधी खालून पाहता येईल ते पाहा : इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंटिंग फाटले आहे का, केबलचा ब्रॅकेट हलतो का, ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटला खेळ आहे का. माउंटिंग सैल असेल तर क्लच धरताना इंजिन मागे झुकते, केबल ओढली जाते, क्लच सुटतो, इंजिन परत येते, क्लच पुन्हा धरतो. तोही थरथरच वाटतो. क्लचवर विनाकारण खर्च झालेल्या गाड्यांत ही चूक सर्वांत जास्त सापडते.

उतरवावाच लागला तर फ्लायव्हीलच्या बाजूला तेल असल्यास क्रँकचे मागचे ऑइल सील, गिअरबॉक्सच्या बाजूला असल्यास इनपुट शाफ्टचे सील. तेल प्यालेली प्लेट पेट्रोलने धुऊन परत टाकू नका. वरून कोरडी दिसते, तापली की आतले तेल बाहेर येते. डायल गेजने फ्लायव्हीलचा रनआउट (फिरताना होणारी डुगडुग) कडेजवळ ०.१ मिमीच्या आत हवा, प्लेटचा बाहेरच्या कडेला ०.८ मिमीच्या आत, आणि डायाफ्रामच्या फिंगरच्या टोकांच्या उंचीतला फरक ०.५ मिमीच्या आत. बहुतेक मॅन्युअलांत हेच किंवा याच्या जवळचे आकडे असतात, तुमच्या गाडीचे वेगळे असतील तर ते माना. फ्लायव्हीलवर निळे-काळे डाग असतील तर तिथले बीड (ओतीव लोखंड) कडक झाले आहे. पॉलिश पेपर मारून डाग जातो, कडकपणा जात नाही. ग्राइंडिंग करा, आणि फ्लायव्हील पायरीचे असेल तर पायरीही तेवढीच उतरवा. नाही तर दाब बदलतो.

नवीन सेट बसवतानाच बिघडण्याच्या दोन जागा आहेत. एक, कव्हरचे बोल्ट एका बाजूने आवळत गेले की कव्हर मुरडते आणि फिंगर खालीवर होतात. समोरासमोरचे बोल्ट अर्ध्या-अर्ध्या आट्याने आवळायचे असतात. दुसरी जागा अधिक सामान्य आहे : गिअरबॉक्स वर चढवताना इनपुट शाफ्ट प्लेटच्या हबमध्ये गेला आणि हात दमले म्हणून गिअरबॉक्स क्षणभर तसाच लोंबू दिला. सगळे वजन पातळ पत्र्याच्या प्लेटवर येते आणि ती जन्माची वाकते. जॅक हवाच. स्प्लाइनला (शाफ्टवरच्या खाचांना) ग्रीस पुसट हात फिरवावा एवढेच, जास्तीचे फिरताना लायनिंगवर उडते.

प्रश्न : क्लच पेडल वर्षभरात जड होत गेले. केबल बदलली, फरक थोडाच पडला. (नाशिक)

डायाफ्राम स्प्रिंगचा स्वभाव उलटा आहे. लायनिंग झिजते तसा तिचा जोर आधी वाढतो, माथ्यावर पोचतो आणि मग पुन्हा नव्याच्या पातळीला येतो. जुन्या कॉइल स्प्रिंगच्या क्लचमध्ये झिजेबरोबर जोर घटत असे. म्हणून हळूहळू जड होणारे पेडल हे झिजलेल्या प्लेटचे लक्षण असू शकते. सोबत क्लच पेडलच्या फार वर धरू लागला असेल आणि फ्री प्ले (पेडलची सुरुवातीची मोकळी हालचाल) नाहीसा होत असेल तर शंका पक्की. केबलच्या गाडीत १० ते १५ मिमी फ्री प्ले ठेवा, तो संपला की बेअरिंग सतत फिंगरवर टेकून राहते. फोर्कचा पिव्हॉट सुका पडला असेल तर तोही जडपणा देतो आणि पेडल अडखळत सुटते, स्मूथपणाचा तिथेच निकाल लागतो. नायलॉनचे अस्तर असलेल्या केबलमध्ये ग्रीस भरू नका, धूळ धरून ठेवते.

प्रश्न : माल वाहणाऱ्या पिकअपला सिरॅमिक बटणांची प्लेट टाकावी का? (जालना)

शेतातला ट्रॅक्टर किंवा अवजड ट्रक असेल तर विचार करा. सिरॅमिक जास्त उष्णता सोसते, पण पकड कडक आणि कुशन नसल्यातच जमा. गर्दीच्या बाजारात रोज पन्नासदा थांबणाऱ्या पिकअपमध्ये प्रत्येक उचलीचा झटका गिअरबॉक्स आणि क्रॉस जॉइंट खातील, आणि फ्लायव्हीलही लवकर खरवडेल. तुमच्या गाडीसाठी ठरवून दिलेली ऑरगॅनिक प्लेटच टाका आणि भार कमी करा.

प्रश्न : मोटारसायकलमध्ये कारचे चांगल्यातले सिंथेटिक ऑइल टाकले तेव्हापासून क्लच घसरतो. ऑइल भारी असून असे का? (इचलकरंजी)

बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनच्याच तेलात बुडालेला असतो. पाच घर्षण प्लेटा असतील तर घासणाऱ्या बाजू दहा होतात, म्हणून तेलात घर्षणांक कमी असूनही काम भागते. तेल उष्णता वाहून नेते आणि धरण्याला मऊपणा देते. कारच्या बऱ्याच तेलांत इंधन वाचवण्यासाठी घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेली असतात. क्लचला नेमकी तीच नकोत. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ (तेलाचा जपानी दर्जा) लिहिलेले पाहून घ्या. ‘एमबी’ लिहिलेले तेल कोरड्या सेंट्रिफ्युगल क्लचच्या स्कूटरसाठी, तिथे तेल क्लचला लागतच नाही. एकदा-दोनदा योग्य तेल बदलून घसरणे थांबले नाही तर प्लेटा बदला. नव्या प्लेटा बसवण्याआधी तेलात भिजवून ठेवायला विसरू नका, कोरड्या बसवल्या तर पहिल्याच उचलीला जळतात.

उलट तक्रार, म्हणजे क्लच एकदम झटक्याने धरणे, असेल तर क्लच हाउसिंगच्या बोटांवर नख फिरवून पाहा. प्लेटांचे दात आपटून तिथे खाचा पडतात. प्लेट खाचेत अडकते आणि मग टपकन सुटते. खाच नखाला जाणवेल इतपतच असेल तर बारीक कानशीने साफ करता येते, खोल असेल तर हाउसिंग बदला.

प्रश्न : तीन सिलिंडरची कार न्यूट्रलमध्ये उभी असताना गिअरबॉक्समधून खडखड येते, क्लच दाबला की जाते. रिलीज बेअरिंग गेले का? (डोंबिवली)

नाही. रिलीज बेअरिंग बिघडले की आवाज क्लच दाबल्यावर येतो. तुमचा आवाज उलटा आहे. तीन सिलिंडरचे इंजिन ८०० फेऱ्यांवर सेकंदाला २० धक्के देते, चार सिलिंडरचे जवळपास २७. धक्के जितके विरळ तितके फेऱ्यांतले चढउतार मोठे, आणि गिअरबॉक्समधले मोकळे गिअर दातांवर दात आपटतात. प्लेटच्या हबभोवती ज्या छोट्या स्प्रिंगा दिसतात त्या हे धक्के गिळायला असतात. काही प्लेटांत आयडलसाठी (उभ्या गाडीत इंजिन नुसते चालू असतानासाठी) अगदी मऊ स्प्रिंगांचा वेगळा टप्पाही असतो, तो तुटला की खडखड सुरू होते. आधी आयडल ठरलेल्या फेऱ्यांवर आहे का आणि गिअर ऑइल योग्य घट्टपणाचे आहे का ते तपासा. आवाज खडखडीऐवजी सलग घरघर असेल तर इनपुट शाफ्टचे बेअरिंग पाहा, तोही क्लच दाबल्यावर थांबतो.

प्रश्न : एएमटी गाडीत क्लच पेडल नाही, मग क्लच झिजतो का? (ठाणे)

झिजतो. एएमटी म्हणजे गिअर आणि क्लच यंत्राने हलवला जाणारा साधा गिअरबॉक्स. २०१४ मध्ये मारुती सेलेरिओतून ही पद्धत आपल्याकडे सामान्य गाड्यांत आली. तिच्यात क्लच तोच कोरड्या प्लेटचा असतो, फक्त तो दाबणारा पाय यंत्राचा. ब्रेक सोडल्यावर गाडी रांगते तेव्हा तो हाफ क्लचच आहे. ट्रॅफिकमध्ये दर फुटाला रांगू देऊ नका, दोन गाड्यांची जागा होऊ द्या आणि मग सरळ चालवा. चढावर अॅक्सिलरेटरने गाडी तोलून धरू नका, ब्रेक दाबून ठेवा, म्हणजे क्लच पूर्ण सुटतो. प्लेट बदलल्यावर क्लच नेमका कुठे धरतो ते कंट्रोलरला स्कॅनरने पुन्हा शिकवावे लागते. हे काम वगळले तर तो जुन्याच जागी धरायला जातो, आणि नवी प्लेट टाकूनही गाडी प्रत्येक सिग्नलला गचका खाते. बिलात त्या कामाची वेगळी ओळ आहे का ते गाडी ताब्यात घेण्याआधी पाहा.